ल माँ १९६९ : धावत न गेलेला माणूस

'फोर्ड व्हर्सेस फेरारी' हा चित्रपट २०१९मध्ये आला आणि मोटार शर्यतींशी एरवी काडीचा संबंध नसलेल्या माझ्या निम्म्या ओळखीच्यांना १९६६ची ल माँची शर्यत तोंडपाठ झाली. एन्झो फेरारीने कंपनी विकायला ऐनवेळी नकार दिला, दुसरा हेन्री फोर्ड चिडला, अमेरिकेतून पैशांचा पूर आला आणि तीन वर्षांनी पहिल्या तिन्ही क्रमांकांवर फोर्डच्या गाड्या आल्या. गोष्ट चांगलीच आहे. अपमान, सूड, विजय असा सगळा मसाला आयता आहे. पण मला विचाराल तर त्या दशकातली खरी शर्यत त्यानंतर तीन वर्षांनी, १४ आणि १५ जून १९६९ला झाली. तिच्यात सूडबिड काही नव्हता. एक म्हातारी झालेली गाडी होती, एक अर्धवट तयार राक्षस होता, आणि सुरुवातीलाच एक चोवीस वर्षांचा मुलगा होता, ज्याने सगळे धावत असताना धावायचं नाकारलं.

ज्यांना ल माँ म्हणजे काय ते माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पॅरिसच्या नैऋत्येला दोनेकशे किलोमीटरवर हे शहर आहे. १९२३पासून तिथे चोवीस तासांची शर्यत भरते. चोवीस तासांत जी गाडी जास्तीत जास्त अंतर कापेल ती जिंकली. एका गाडीला त्या काळी दोन चालक असत, ते आळीपाळीने चालवत. १९६९मध्ये एक फेरी साधारण साडेतेरा किलोमीटरची होती आणि तिचा मोठा भाग म्हणजे चक्क सार्वजनिक रस्ता. शर्यत नसेल तेव्हा त्यावरून ट्रक, ट्रॅक्टर आणि शाळेला जाणारी पोरं जातात. त्यात ऊनोदिएर नावाचा जवळजवळ सहा किलोमीटरचा सरळ पट्टा. त्या वर्षी सर्वांत वेगवान गाड्या तिथे ताशी तीनशेच्या बऱ्याच वर जात होत्या. रात्री, दिव्यांच्या उजेडात, निम्म्या वेगाच्या छोट्या गाड्यांना ओलांडत.

आणि सुरुवात. ल माँची सुरुवात ही शर्यतीइतकीच प्रसिद्ध होती. रस्त्याच्या एका कडेला गाड्या तिरप्या उभ्या करायच्या, इंजिनं बंद. समोरच्या कडेला चालक उभे. झेंडा पडला की चालकांनी रस्ता ओलांडून धावत जायचं, दार उघडून आत उडी मारायची, इंजिन सुरू करायचं आणि निघायचं. ही पद्धत १९२५पासूनची. त्या काळी ती अगदी शहाणपणाची होती. गाडी चटकन सुरू होते की नाही, टपाचं कापड चटकन चढवता येतं की नाही, हे जोखण्याचा तो भाग होता. प्रवासी मोटारींची परीक्षा हाच शर्यतीचा हेतू होता. पोर्शच्या गाड्यांत किल्ली स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला असते ती यामुळेच, असं सांगितलं जातं – उजव्या हाताने गिअर टाकता टाकता डाव्याने चावी फिरवता यावी म्हणून. खरं असो नसो, गोष्ट त्या सुरुवातीचा रुबाब सांगणारी आहे. स्टर्लिंग मॉस या धावण्यात पटाईत होता. तो निघून जायचा तेव्हा बाकीचे अजून दार ओढत असायचे.

साठच्या दशकात मात्र एक नवी वस्तू गाडीत आली आणि सगळा हिशेब बिघडला. सुरक्षा पट्टा. निल्स बोहलिन या व्होल्वोच्या अभियंत्याने १९५९मध्ये तीन ठिकाणी अडकणारा पट्टा रस्त्यावरच्या गाड्यांसाठी आणला. शर्यतीच्या गाड्यांतला पट्टा त्याहून किचकट – खांद्यांवरून, कमरेवरून, कधी मांड्यांमधून. तो नीट ताणून बांधायचा तर दोन हात, थोडा वेळ आणि शक्यतो मदतीला एक मेकॅनिक हवा. धावत येऊन गाडीत पडलेला माणूस, आजूबाजूला चाळीसेक इंजिनं एकदम सुरू झालेली, शेजारची गाडी निघालेली – तो काय करणार? पट्टा मांडीवर तसाच ठेवून निघणार. फार तर त्या लांब सरळ रस्त्यावर, गुडघ्यांनी स्टिअरिंग धरून, एका हाताने चाचपडत बांधायचा प्रयत्न करणार.

इथे हेही सांगायला हवं की पट्टा बांधणं चांगलं, ही गोष्ट तेव्हाच्या चालकांना स्वयंसिद्ध वाटत नव्हती. जुन्या पिढीचं मत अगदी उलट होतं: अपघातात गाडीबाहेर फेकलं जाणं परवडलं, आत अडकून जळणं नको. टाक्यांमध्ये शेकडो लिटर पेट्रोल, अंगाभोवती पातळ पत्रा किंवा फायबर. आज आपल्याला हसू येईल, पण त्यांनी आत अडकून जळलेली माणसं पाहिलेली होती. (आणि हसण्याआधी आपल्याकडे बेल्टचा बीप-बीप आवाज बंद पाडायला खास क्लिपा बाजारात मिळतात, हेही आठवावं. त्यामागे तर जळण्याची भीतीसुद्धा नाही.)

हे मत बदलायला लागलं ते १९६६नंतर. बेल्जियममध्ये स्पाच्या शर्यतीत पावसात जॅकी स्ट्यूअर्टची गाडी उलटीसुलटी झाली आणि तो वाकलेल्या स्टिअरिंगमागे, पेट्रोलमध्ये भिजत, अर्ध्या तासाच्या आसपास अडकून पडला. आयोजकांकडे हत्यारं नव्हती. एका प्रेक्षकाच्या गाडीतला पाना मागून आणून त्याला सोडवलं. तिथून स्ट्यूअर्टने सुरक्षेची मोहीमच काढली: रस्त्याकडेला कठडे हवेत, डॉक्टर हवेत, पट्टे हवेत, हे मिळालं नाही तर आम्ही येत नाही. १९६९ची स्पाची ग्रां प्री तर याच भांडणात रद्द झाली.

आणि आता गंमत बघा. त्या वर्षी ल माँला निषेध केला तो जॅकी स्ट्यूअर्टने नाही, दुसऱ्याच जॅकीने. जॅकी इक्स हा बेल्जियन, जन्म १ जानेवारी १९४५चा, पावसात आणि अवघड रस्त्यांवर गाडी चालवण्यात त्याच्या पिढीत त्याचा हात धरणारा क्वचितच कोणी. स्पा आणि न्युरबुर्गरिंग या जुन्या, झाडांमधून आणि घरांमधून जाणाऱ्या भयंकर रस्त्यांवर त्याचं प्रेम होतं, आणि स्ट्यूअर्टच्या मोहिमेबद्दल त्याला फारशी आस्था नव्हती. धोका हा या धंद्याचाच भाग आहे असं मानणाऱ्यांपैकी तो. म्हणून त्या दिवशी त्याने जे केलं त्याला 'सुरक्षेचा शिलेदार' वगैरे लेबल लावणं मला खटकतं. मला वाटतं त्याचा राग धोक्यावर नव्हता, मूर्खपणावर होता. वळणावर जीव धोक्यात घालणं यात कौशल्य आहे. पट्टा न बांधता निघायला लावण्यात कसलं कौशल्य?

त्याच्याजवळ कारणंही होती, आणि ती घरातली होती. १९६८च्या ल माँमध्ये विली मेरेस हा दुसरा बेल्जियन चालक धावत जाऊन फोर्ड जीटी४०मध्ये बसला, घाईत दार नीट लागलं नाही, आणि पहिल्याच फेरीत त्या लांब सरळ रस्त्यावर ते उघडलं. गाडी गेली. मेरेस वाचला, पण त्याची कारकीर्द तिथेच संपली आणि पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये त्याने स्वतःचं आयुष्यही संपवलं. त्याच १९६८च्या शर्यतीच्या दोन विजेत्यांपैकी एक लुसियाँ बियांकी, हाही बेल्जियमचाच. मार्च १९६९मध्ये ल माँलाच सरावात त्याची अल्फा रोमिओ आदळली आणि तो गेला. जूनमध्ये इक्स ल माँला आला तो ही दोन नावं डोक्यात घेऊनच आला असणार.

आता राक्षसाबद्दल. गाड्यांचे वेग फार वाढले म्हणून आंतरराष्ट्रीय क्रीडा आयोगाने १९६८पासून प्रोटोटाइप गाड्यांच्या इंजिनाला तीन लिटरची मर्यादा घातली. पण जुन्या फोर्ड आणि लोला गाड्या घरी बसल्या तर मैदान रिकामं पडेल, म्हणून एक पळवाट ठेवली: ज्या गाडीचे किमान पन्नास नग बनलेत तिला पाच लिटरपर्यंत मुभा. पुढे पन्नासाचे पंचवीस केले. शर्यतीसाठीची पंचवीस महागडी यंत्रं मुद्दाम नवीन बनवण्याइतकं वेडं कोण असणार, हा हिशेब. पोर्शमध्ये फेर्डिनांड पिएक नावाचा बत्तीस वर्षांचा माणूस विकास विभाग सांभाळत होता, कंपनीच्या संस्थापकाचा नातू. तो तेवढा वेडा होता. साडेचार लिटरचं, बारा सिलिंडरचं, हवेने थंड होणारं इंजिन, त्याभोवती अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांचा सांगाडा, नाव ९१७. मार्चमध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात गाडी दाखवली आणि एप्रिलमध्ये कारखान्याच्या आवारात पंचवीस ९१७ ओळीने उभ्या करून तपासनिसांना म्हणाले, मोजा. ऐनवेळी जोडणीच्या कामाला कारकून आणि सेक्रेटरी बायकांनाही लावलं होतं, असं सांगतात.

फक्त ती सरळ चालत नव्हती. वेग वाढला की मागचा भाग उचलला जाई आणि गाडी रस्ताभर हेलकावे खाई. पोर्शचे स्वतःचे चालक तिला टाळत. कंपनीचा पहिल्या फळीचा चालक जो सिफर्ट याने ल माँला ९१७ सोडून छोटी, तीन लिटरची ९०८ घेतली. मागच्या टोकाला सस्पेन्शनशी जोडलेल्या हलत्या पट्ट्या होत्या. तसले हलते पंख त्याच उन्हाळ्यात सगळीकडे बंदी घालण्यात आले होते, पण त्यांच्याशिवाय ही गाडी चालवताच येणार नाही हे पटवून पोर्शने ल माँपुरती सूट मिळवली. अशी ही गाडी पोर्शने एका खासगी गिऱ्हाइकाला विकलीसुद्धा. जॉन वुल्फ, ब्रिटिश, हौशी चालक. त्याच्या जोडीला पोर्शने आपला जुना, अनुभवी चाचणी-चालक हर्बर्ट लिंगे दिला. पहिली पाळी वुल्फची होती.

त्या वर्षी शर्यत नेहमीच्या चारऐवजी दोन वाजता सुरू झाली. रविवारी फ्रान्समध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीची दुसरी फेरी होती – द गॉलने एप्रिलमध्ये राजीनामा दिला होता, पाँपिदू आणि पोएर उभे होते – आणि लोकांना घरी जाऊन मत देता यावं म्हणून ही सोय.

झेंडा पडला. सगळे धावले. इक्स चालत निघाला.

त्याचं चित्रण उपलब्ध आहे आणि मी ते बऱ्याच वेळा पाहिलंय. त्याच्या चालण्यात नाटक नाही. हात उंचावणं नाही, प्रेक्षकांकडे बघणं नाही. दुपारच्या उन्हात एखादा माणूस रस्ता ओलांडून पानाच्या टपरीवर जावा तसा तो जातो. निळ्या-नारिंगी गल्फ रंगातल्या सहा नंबरच्या फोर्डमध्ये बसतो, पट्टा नीट बांधतो, आणि सगळ्यांच्या मागून निघतो.

पहिलीच फेरी संपत आलेली असताना, मेझों ब्लांश म्हणजे 'पांढऱ्या घरा'जवळच्या वेगवान वळणांवर, वुल्फच्या ९१७चा ताबा सुटला. गाडी आदळली, उलटली, पेटली. वुल्फ बाहेर फेकला गेला आणि मरण पावला. त्याचा पट्टा बांधलेला नव्हता. त्याच्या गाडीची पेटती टाकी रस्त्यावर आली ती मागून येणाऱ्या ख्रिस अ‍ॅमनच्या फेरारीखाली. फेरारीनेही पेट घेतला, अ‍ॅमन कसाबसा उतरून वाचला. लिंगेची पाळी आलीच नाही.

पट्टा असता तर वुल्फ जगला असता का, हे कोणीच सांगू शकत नाही. मुळात त्या गाडीत एका हौशी माणसाला बसवणं हाच निम्मा गुन्हा होता, असं माझं मत आहे. धावत जाण्याच्या पद्धतीवर सगळं खापर फोडलं की ही दुसरी गोष्ट सोयीस्करपणे झाकली जाते. पण इक्सच्या चालण्याकडे बघण्याची नजर त्या क्षणापासून बदलली, हेही खरं. दोन वाजता जे तऱ्हेवाईकपण वाटलं असेल, त्याचा अर्थ काही मिनिटांत सगळ्यांना कळला.

पुढचे एकवीस तास मी भरभर सांगतो, कारण ते पोर्शचे होते. व्हिक एल्फर्ड आणि रिचर्ड अ‍ॅटवूड यांची ९१७ कित्येक फेऱ्यांनी पुढे होती. पोर्शने ल माँ तोवर एकदाही जिंकली नव्हती आणि रविवारी सकाळी ती जिंकल्यातच जमा होती. मग अकराच्या सुमारास क्लचच्या बाजूचा भाग दगा देऊन गाडी बसली. दुसऱ्या क्रमांकावरची ९०८सुद्धा साधारण तेव्हाच गेली. एका झटक्यात पुढे कोण? इक्स आणि जॅकी ऑलिव्हरची जीटी४०, जी आदल्या वर्षी जिंकलेलीच गाडी होती, तोच सांगाडा, क्रमांक १०७५. फोर्डने स्वतः या शर्यतींतून अंग काढून घेतल्यावर जॉन वायरच्या छोट्या इंग्लिश संघाने जपून ठेवलेली. आणि तिच्या अगदी जवळ हान्स हर्मन आणि जेरार लारूसची ९०८, जिने सुरुवातीला चाकाच्या बेअरिंगपायी जवळजवळ अर्धा तास पिटमध्ये घालवला होता आणि मग रात्रभर तो भरून काढला होता.

शेवटच्या पाळीला इक्स आणि हर्मन.

हर्मन एकेचाळीस वर्षांचा, स्टुटगार्टचा. १९५४च्या मिल्ये मिलिया शर्यतीत रेल्वेचं फाटक बंद होताना दिसलं, तर थांबणं शक्य नाही म्हणून त्याने जोडीदाराच्या हेल्मेटवर थाप मारून डोकं खाली घालायला सांगितलं आणि ठेंगणी पोर्श फाटकाखालून काढली, ती गाडी येण्याच्या आत. पण मला इथे त्याची दुसरी गोष्ट सांगायची आहे. १९५९, बर्लिनचा आव्हुस ट्रॅक. ब्रेक गेले, त्याची बीआरएम गवताच्या गठ्ठ्यांवर आदळून हवेत कोलांट्या खात गेली, आणि हर्मन बाहेर फेकला गेला. छायाचित्रात तो रस्त्यावर पडलाय आणि त्याची गाडी पलीकडे हवेत आहे. किरकोळ जखमांवर निभावलं. पट्टा बांधलेला असता तर त्या गाडीबरोबर तोही गेला असता. जुन्या पिढीच्या त्या मताचा याहून सज्जड पुरावा नव्हता, आणि तो पुरावा आता, चोवीस तासांच्या अखेरीस, पट्टा बांधण्यासाठी चालत गेलेल्या पोराशी झुंजत होता.

फेरीमागून फेरी जागा बदलत होत्या. हर्मनच्या गाडीत ब्रेकचे पॅड झिजल्याचा इशारा देणारा दिवा लागला होता. पिटमध्ये जाऊन ते बदलायचे तर शर्यत गेली. म्हणून तो तसाच चालवत राहिला, पण ब्रेक मारायच्या जागी त्याला हात आखडता घ्यावा लागे. इक्सने हे ओळखलं. त्या लांब सरळ रस्त्यावर तो जरा ढिला सोडून हर्मनला पुढे जाऊ द्यायचा, मग त्याच्या मागे चिकटून, त्याने कापलेल्या हवेत वेग घ्यायचा आणि पट्टा संपता संपता बाहेर पडून ओलांडायचा. पुढच्या वळणाला ब्रेक कमजोर असलेला माणूस मागे. दोघेही शेवटची फेरी समजून समाप्तीच्या रेषेवरून गेले तेव्हा घड्याळात दोन वाजायला काही सेकंद बाकी होते. नियमाप्रमाणे आणखी एक फेरी. तोच डाव पुन्हा खेळायचा, इंधन टाकीत नेमकं किती उरलंय ते माहीत नसताना. इक्सने तो पुन्हा खेळला.

३७२ फेऱ्या, पाच हजार किलोमीटरच्या आसपास, आणि शेवटी दोन गाड्यांमधलं अंतर साधारण १२० मीटर. दादरच्या फलाटाची निम्मी लांबीसुद्धा नाही. इक्सने सुरुवातीला जे सेकंद हातचे सोडले, त्यांचा हिशेब या १२० मीटरांशी लावून पाहण्याचा मोह मला दरवेळी होतो. तो चालत गेल्यामुळे हरला असता, तर? 'तरी सांगत होतो' म्हणणारे त्या काळीही कमी नव्हते. जिंकल्यामुळे ते वाक्य कोणाला उच्चारता आलं नाही, एवढंच.

सोमवारी इक्स आपल्या पोर्श ९११मधून पॅरिसला निघाला, तेव्हा शार्त्रजवळ एक गाडी अचानक आडवी आली आणि त्याची पोर्श खांबावर जाऊन आदळून चेपली, असा एक किस्सा सांगितला जातो. पट्टा सोडून तो धडधाकट उतरला म्हणे. आदल्याच दिवशी त्याने पोर्शला हरवलं होतं, हा त्यातला फुकटचा विनोद.

१९७०मध्ये ल माँची सुरुवात बदलली. गाड्या तशाच तिरप्या उभ्या, पण चालक आत बसलेले, पट्टे बांधलेले. १९७१पासून गाड्या चालत्या ठेवूनच शर्यत सुरू होऊ लागली. धावत जाण्याची रीत मोटारसायकलींच्या चोवीस तासांत मात्र उरली. तिथे बांधायला पट्टाच नसतो.

९१७चा रोग ऑक्टोबर १९६९मध्ये ऑस्ट्रियात झेल्टवेगला सापडला, आणि तो शोधणारा जॉन हॉर्समन हा वायरच्याच संघातला. ज्या माणसांनी पोर्शला हरवलं त्यांनाच पोर्शने पुढच्या हंगामासाठी नेमलं होतं. हॉर्समनला दिसलं की गाडीच्या पुढच्या भागावर चिलटं चिकटून मेली आहेत, पण शेपटी स्वच्छ आहे. म्हणजे हवा तिथे टेकतच नाही. अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे कापून, ठोकून शेपटी आखूड आणि वर चढती केली, आणि गाडी सरळ चालू लागली. १९७०ला हर्मन आणि अ‍ॅटवूडने तीच ल माँ ९१७मध्ये जिंकली. पोर्शचा तिथला पहिला विजय. आता जिंकलो तर सोडेन, असं हर्मनने बायकोला सांगून ठेवलं होतं. त्याने शब्द पाळला.

आणि हर्बर्ट लिंगे, ज्याची पाळी आली नाही. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्याने जर्मनीतल्या शर्यतींसाठी एक बचाव पथक उभारलं: वेगवान पोर्शमध्ये आग विझवायची साधनं आणि तालीम मिळालेली माणसं, जी शर्यतीच्या रस्त्यावर ठिकठिकाणी इंजिन सुरू ठेवून, पट्टे बांधून, कोणाची तरी गाडी पेटण्याची वाट बघत बसलेली असत.